लोएल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान

लोएल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील लोएल शहरात, एकोणिसाव्या शतकातील कापडगिरण्या, त्यांना जलशक्ती पुरविणारे कालवे आणि गिरणीकामगारांची निवासस्थाने यांच्या जतनासाठी निर्माण करण्यात आलेले उद्यान. हे शहर बॉस्टनच्या वायव्येस सु. ४० किमी. वर, मेरिमॅक व काँकर्ड या नद्यांच्या संगमाजवळ वसले असून त्याची लोकसंख्या १,१५,५५४ (२०२०) आहे. ५ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने अंमलात आलेल्या कायद्यान्वये उद्यानाची स्थापना झाली. त्याचे क्षेत्र सु. ५७ हेक्टर असून त्याभोवती सु. २३६ हेक्टरांचे जतनक्षेत्र आखण्यात आले आहे. वनराई, हिरवळ, वन्य प्राणी इ. ज्या गोष्टी राष्ट्रीय उद्यान या संज्ञेने सामान्यतः सूचित होतात, त्या येथे मुख्य नाहीत. विटांच्या बहुमजली गिरण्या, घंटामनोरे, कालव्यांचे दरवाजे आणि चालते यंत्रमाग हीच येथील प्रेक्षणीय सामग्री होय. लोक राहत असलेल्या, व्यवहार चालू असलेल्या शहराचा मध्यभागच उद्यान ठरविण्यात आला, हे त्याचे वैशिष्ट्य.

पूर्वपीठिका : मेरिमॅक नदीवरील पॉटकेट धबधब्यापाशी नदीचे पात्र थोड्या अंतरात सु. १० मी. खाली उतरते. येथे पेनाकुक या आदिवासी जमातीचे लोक वसंत ऋतूत सॅमन व शॅड माशांच्या शिकारीसाठी एकत्र येत. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी हा प्रदेश क्रमाक्रमाने ताब्यात घेतला. धबधब्यामुळे लाकडाचे तराफे समुद्राकडे नेणे अवघड होते, म्हणून १७९२ मध्ये एक कंपनी स्थापन होऊन तिने धबधब्याला वळसा घालणारा पॉटकेट कालवा खोदला. तथापि १८०३ मध्ये मेरिमॅक नदी थेट बॉस्टनशी जोडणारा मिडलसेक्स कालवा खुला झाला आणि पॉटकेट कालव्याचे महत्त्व ओसरले. नौकानयनासाठी निकामी ठरलेला हा कालवाच पुढे एका औद्योगिक नगराचा पाया ठरला.

या नगरास ज्याचे नाव मिळाले, तो फ्रान्सिस कॅबट लोएल (१७७५–१८१७) हा बॉस्टनचा व्यापारी. १८१०–१२ या काळात तो इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये होता. यंत्रे व त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास ब्रिटिश कायद्याने बंदी होती. लोएलने मँचेस्टर भागातील यंत्रमाग पाहून त्यांची रचना स्मरणात साठविली आणि मायदेशी परतल्यावर पॉल मूडी या कुशल यंत्रज्ञाच्या साहाय्याने कामचलाऊ यंत्रमाग तयार केला. १८१३ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह ‘बॉस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. तिच्या वॉल्थम येथील गिरणीत पिंजण्यापासून विणण्यापर्यंतच्या सर्व प्रक्रिया एकाच छपराखाली जलशक्तीने चालू लागल्या. भागभांडवल, पगारी व्यवस्थापन, रोख वेतन आणि एकाच प्रकारच्या जाड्याभरड्या कापडाचे विपुल उत्पादन ही या पद्धतीची अंगे होती.

या उद्योगाच्या वाढीशी भारताचाही संबंध येतो. त्या काळी भारतातून आयात होणारे स्वस्त सुती कापड अमेरिकन बाजारपेठेत मोठ्या प्रमाणावर खपत असे. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडावर २५ टक्के जकात बसविताना, दर चौ. वारास २५ सेंटांपेक्षा कमी किंमतीचे कापड २५ सेंट किंमतीचेच आहे असे धरण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे कापड कितीही स्वस्त असले, तरी त्यावर चौ. वारामागे किमान सव्वासहा सेंट जकात पडू लागली. या तरतुदीसाठी लोएलने वॉशिंग्टन येथे प्रयत्न केले होते. तिचा खरा आघात भारतीय हातमागाच्या कापडावर झाला आणि वॉल्थमच्या कापडास देशी बाजारपेठ मोकळी मिळाली.

नगराची उभारणी : वॉल्थम येथील चार्ल्स नदीची शक्ती अपुरी पडू लागल्यावर लोएलचे सहकारी नेथन ॲपल्टन, पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन इत्यादींनी १८२१ मध्ये पॉटकेट धबधब्यालगतची शेतजमीन व जुनी कालवा कंपनी विकत घेतली. लोएल १८१७ मध्येच निधन पावला होता. १८२२ मध्ये ‘मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली व पुढील वर्षी तिचे कापड बाजारात आले. कंपनीचा व्यवस्थापक कर्क बूट (१७९०–१८३७) याने गिरण्या, रस्ते, निवासगृहे व चर्च यांची आखणी केली. १८२६ मध्ये सु. २,५०० वस्तीच्या या गावास लोएल हे नाव देण्यात आले. १८३५ मध्ये बॉस्टनपर्यंत लोहमार्ग झाला, १८३६ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि १८५० मध्ये लोकसंख्या ३३,३८३ झाली. त्या सुमारास दहा मोठ्या वस्त्रनिर्मिती कंपन्यांत सु. १०,००० कामगार काम करीत होते. मँचेस्टरची समृद्धी हवी पण तेथील दारिद्र्य व गलिच्छ वस्त्या नकोत, अशी या नगराच्या प्रवर्तकांची भूमिका होती. त्यामुळे लोएल हे आदर्श औद्योगिक नगर म्हणून दाखविले जाई आणि देशोदेशींचे प्रवासी ते पाहण्यास येत. चार्ल्स डिकिन्झ या इंग्रज कादंबरीकाराने १८४२ मध्ये येथे भेट दिली व आपल्या अमेरिका प्रवासवर्णनात त्याविषयी अनुकूल मत नोंदविले.

कालवे व जलशक्ती : लोएलच्या कालव्यांची एकूण लांबी सु. ९ किमी. आहे. धबधब्याचा उतार दोन टप्प्यांत विभागण्यात आला होता. वरच्या पातळीवरील गिरण्या सु. १३ फूट उताराचा उपयोग करीत, तर त्यांनी सोडलेले पाणी खालच्या कालव्यांतून जाऊन सु. १७ फूट उताराने दुसऱ्या गिरण्या चालवी. जमीन व पाणी यांची मालकी जुन्या कालवा कंपनीकडे ठेवण्यात आली. ती गिरण्यांना पाणी भाडेपट्ट्याने देई. त्यासाठी ‘मिल-पॉवर’ हे एकक ठरविण्यात आले. ३० फूट उताराने दर सेकंदास २५ घ. फूट पाणी, म्हणजे वॉल्थम येथील दुसऱ्या गिरणीच्या ३,५८४ चात्या व त्यांच्या जोडीचे माग चालविण्यास पुरेसे पाणी, असे त्याचे प्रमाण होते. वाहत्या पाण्याचे असे मोजमाप करून त्याची किंमत ठरविण्याच्या या व्यवहारातूनच लोएल हे जलविज्ञानाच्या संशोधनाचे केंद्र बनले.

या संशोधनाचा प्रमुख जेम्स बिचेनो फ्रान्सिस (१८१५–९२) हा इंग्लंडमध्ये जन्मलेला अभियंता होय. कालवा कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून त्याने नॉर्दर्न कालवा बांधला आणि १८४८–४९ च्या सुमारास अंतर्मुखी प्रवाहाच्या टरबाइनात मूलगामी सुधारणा केल्या. त्याच्या नावाने ओळखले जाणारे टरबाइन जगातील जलविद्युत् केंद्रांत आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्याच्या प्रयोगांचा ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा पूर आल्यास पॉटकेट कालव्यातून पाणी शहरात शिरेल, हे ओळखून त्याने १८५० मध्ये कालव्याच्या मुखाशी एक प्रचंड लाकडी दरवाजा लोखंडी पट्टीने टांगून ठेवला. हा खर्च लोकांना वेडेपणाचा वाटला व दरवाजास तसे उपहासात्मक नावही पडले. दोनच वर्षांनी, १८५२ च्या पुरात, पट्टी तोडून दरवाजा खाली सोडण्यात आला व शहर बचावले. १९३६ च्या महापुरातही त्याच दरवाजाने शहराचे रक्षण केले.

जलशक्तीच्या या नियंत्रणाची दुसरी बाजूही होती. उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून कंपन्यांनी १८४५ पासून शेजारच्या न्यू हॅंपशर राज्यातील सरोवरांच्या पाण्यावर हक्क मिळविले. त्यातून तेथील शेतकऱ्यांशी तंटे उद्‌भवले. नदीवर बांधलेल्या धरणांमुळे माशांचे स्थलांतर खंडित झाले आणि पेनाकुकांच्या काळापासूनचे मासेमारीचे हे स्थान नष्ट झाले.

कामगार स्त्रिया : लोएलच्या गिरण्यांतील पहिल्या पिढीचे कामगार म्हणजे प्रामुख्याने न्यू इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबांतील अविवाहित मुली. १५ ते ३० वर्षे वयाच्या या मुली काही वर्षे काम करून घरी परतत. भावाचे शिक्षण, वडिलांचे कर्ज, स्वतःच्या विवाहाची तयारी किंवा केवळ स्वतःच्या मिळकतीची इच्छा अशी त्यांची कारणे असत. स्त्रियांना रोख वेतन मिळण्याचे मार्ग त्या काळी फार थोडे होते. भोजन-निवासाचा आठवड्यास सु. सव्वा डॉलर वजा जाता दोन डॉलरांच्या आसपास रक्कम त्यांच्या हाती राही.

त्यांच्या राहण्यासाठी कंपन्यांनी विटांची निवासगृहे बांधली. प्रत्येक घराची व्यवस्था एका गृहपालिकेकडे असे आणि ती बहुधा विधवा स्त्री असे. एका घरात पंचवीस ते चाळीस मुली राहत, एकेका खोलीत चार ते आठ जणी व एका पलंगावर दोघी असा प्रकार असे. रात्री दहास दरवाजा बंद होई आणि चर्चमधील उपस्थिती आवश्यक मानली जाई. दिवसाचे सर्व व्यवहार घंटेवर चालत. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पहिली घंटा होई. आठवड्याचे काम सरासरी ७३ तास भरे. न्याहारी व दुपारचे जेवण यांसाठी मिळणाऱ्या अल्प अवधीतच निवासगृहापर्यंत जाऊन यावे लागे. धागा तुटू नये म्हणून साचेखात्यातील हवा दमट ठेवण्यात येई व खिडक्या बंद असत. कापसाची तूस श्वासावाटे शरीरात जाई. धोट्याच्या छिद्रातून धागा ओढून घेण्यासाठी विणकर स्त्रिया तो तोंडाने शोषून घेत. रोगप्रसारास कारण होणाऱ्या अशा धोट्यावर मॅसॅचूसेट्समध्ये १९११ साली बंदी आली.

असे असूनही या मुलींनी व्याख्यानमाला, ग्रंथालये व अभ्यासमंडळे यांचा उत्साहाने लाभ घेतला. गिरणीतील स्त्रियांनी लिहिलेले लेखन प्रसिद्ध करणारे लोएल ऑफरिंग हे नियतकालिक १८४० ते १८४५ या काळात निघत होते. हॅरिएट फार्ली व हॅरियट कर्टिस या गिरणीत काम केलेल्या स्त्रियांनी त्याचे संपादन केले. त्यात लिहिणारी ल्यूसी लार्कम (१८२४–९३) पुढे कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली. हॅरिएट हॅन्सन रॉबिन्सन (१८२५–१९११) हिने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी या जीवनाचा महत्त्वाचा साधनग्रंथ मानल्या जातात.

संप व दहा तासांची चळवळ : आदर्श नगराची ही प्रतिमा फार काळ निर्वेध राहिली नाही. फेब्रुवारी १८३४ मध्ये वेतनात सु. १५ टक्के कपात जाहीर होताच सु. ८०० स्त्रियांनी काम बंद केले. हा संप अयशस्वी ठरला. १८३६ मध्ये निवासगृहांच्या दरात वाढ करण्यात आली, तेव्हा १,५०० हून अधिक स्त्रिया बाहेर पडल्या आणि कंपन्यांना काही प्रमाणात माघार घ्यावी लागली. आपण स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या मुली आहोत व गुलामासारखी वागणूक सहन करणार नाही, असा या संपकरी स्त्रियांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मुदतीपूर्वी वा परवानगीवाचून काम सोडणाऱ्या मुलीचे नाव काळ्या यादीत जाई व शहरातील कोणत्याही गिरणीत तिला पुन्हा काम मिळत नसे.

१८४० नंतर स्पर्धा वाढली तशी एकेका विणकर स्त्रीकडे दोनाऐवजी तीन-चार माग सोपविण्यात आले, यंत्रांची गती वाढली आणि कापडाच्या नगामागील दर मात्र घटले. १८४४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या स्त्री कामगार सुधारणा संघटनेने सेअरा बॅग्ली हिच्या नेतृत्वाखाली दहा तासांच्या दिवसाची मागणी केली. सु. २,००० सह्यांचे अर्ज राज्य विधिमंडळापुढे गेले व १८४५ मध्ये कामगार स्त्रियांच्या साक्षी घेण्यात आल्या. कामगारांच्या स्थितीची अमेरिकेतील ही पहिली शासकीय चौकशी समजली जाते. चौकशी समितीचा अध्यक्ष विल्यम स्कूलर हा लोएलमधील वृत्तपत्राचा मालक होता. कायद्याने हस्तक्षेप करण्याची गरज नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. लोएल ऑफरिंग आपले टीकात्मक लेखन छापत नाही, असा आरोप बॅग्लीने जाहीरपणे केला आणि व्हॉइस ऑफ इंडस्ट्री या कामगारपत्राद्वारे प्रचार चालू ठेवला. कामाचे तास १८५३ मध्ये अकरांवर आले. स्त्रिया व अल्पवयीन यांच्यासाठी दहा तासांचा कायदा होण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

कापूस आणि गुलामगिरी : लोएलमध्ये विणला जाणारा कापूस दक्षिणेकडील राज्यांतील मळ्यांतून येई व तो पिकविणारे व वेचणारे मजूर गुलाम होते. गिरण्यांतील जाडेभरडे कापड त्याच मळ्यांत गुलामांच्या वस्त्रांसाठी विकले जाई. ते इतके सर्वत्र झाले होते की, दक्षिणेत अशा कापडाला ‘लोएल’ असेच म्हणत. गुलामगिरीविरोधी नेता चार्ल्स समनर याने १८४८ मध्ये मागाचे धनी व चाबकाचे धनी यांच्या अभद्र युतीवर कडाडून टीका केली. खुद्द लोएलमध्ये गुलामगिरीविरोधी संस्था होत्या व अनेक गिरणी-स्त्रियांनी त्यांच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. तथापि १८३४ मध्ये येथेच जॉर्ज टॉम्पसन या ब्रिटिश गुलामगिरीविरोधी वक्त्याच्या सभेवर हल्ला झाला. अशा प्रकारे शहराची सद्‌सद्‌विवेकबुद्धी व शहराचा उदरनिर्वाह यांच्यात उघड विरोध होता.

यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात दक्षिणेतील कापूस येईनासा झाला. लोएलच्या बहुतेक कंपन्यांनी जवळचा साठा चढ्या भावाने विकून गिरण्या बंद केल्या व हजारो कामगार बेकार झाले. याच कापूस-टंचाईमुळे मुंबई बंदरातून इंग्लंडला होणारी भारतीय कापसाची निर्यात एकदम वाढली. मुंबईत अपार पैसा आला, सट्टा बोकाळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. एका बाजूस लोएलच्या गिरण्यांची बंद दारे व दुसऱ्या बाजूस मुंबईची क्षणिक भरभराट ही एकाच घटनेची दोन फळे होत.

स्थलांतरित कामगार : लोएलचे कालवे प्रथम खणले ते आयरिश मजुरांनी. १८२२ मध्ये ह्यू कमिस्की याच्या नेतृत्वाखाली त्यांची तुकडी बॉस्टनजवळून येथे आली. आदर्श नगराच्या आखणीत त्यांच्या घरांना स्थान नव्हते. ‘एकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १८४५ नंतरच्या दुष्काळामुळे आलेल्या आयरिश लोकांनी गिरण्यांत प्रवेश केला व न्यू इंग्लंडमधील मुलींची संख्या घटत गेली. यादवी युद्धानंतर फ्रेंच कॅनडियन, त्यानंतर ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज इ. लोक आले. प्रत्येक गटाने आपले चर्च, दुकाने, शाळा व वृत्तपत्रे उभी केली. ‘लिटल कॅनडा’ या वस्तीत गिरणीलगतच्या दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत हजारो लोक राहत. फ्रेंच कॅनडियन कुटुंबात जन्मलेला जॅक केरुअ‍ॅक (१९२२–६९) हा कादंबरीकार लोएलचाच. १९१२ मध्ये शेजारच्या लॉरेन्स शहरातील प्रसिद्ध संपापाठोपाठ लोएलमध्येही निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कामगारांनी एकत्रित संप केला.

ऱ्हास : बाष्पशक्तीच्या प्रसारामुळे नदीकाठचे स्थानमाहात्म्य कमी झाले. दक्षिणेकडील राज्यांत कापूस जवळ, मजुरी स्वल्प व यंत्रे नवी होती. लोएलच्या भागधारकांनी नफा वाटून घेतला, पण यंत्रसामग्रीचे नूतनीकरण पुरेसे केले नाही. १९२० मध्ये १,१२,७५९ ही तोवरची सर्वोच्च लोकसंख्या गाठल्यावर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात तात्पुरती तेजी आली. तथापि १९६० पर्यंत बूट व मेरिमॅक या अखेरच्या मोठ्या जुन्या गिरण्यांचेही काम थांबले होते. नागरी नूतनीकरणाच्या योजनांखाली मेरिमॅक कंपनीच्या गिरण्या व लिटल कॅनडा वस्ती पाडण्यात आली. १९६६ मध्ये डटन रस्त्यावरील निवासगृहांची रांगही जमीनदोस्त झाली. या पाडकामाला विरोध करणारे थोडेच होते. ज्यांच्या आईवडिलांची आयुष्ये तेथे झिजली, त्या अनेक नागरिकांना गिरण्या म्हणजे कष्टाचे व अपयशाचे स्मारक वाटे. कालवे बुजवून त्यांवर रस्ते करण्याच्याही सूचना पुढे आल्या होत्या.

उद्यानाची स्थापना : या विचाराला कलाटणी देण्याचे श्रेय मुख्यतः पॅट्रिक मोगन या शिक्षणतज्ज्ञास दिले जाते. शहर हेच पाठ्यपुस्तक व शहर हीच शाळा, अशी त्याची कल्पना होती. स्थलांतरितांच्या मुलांना आपल्या घराण्याच्या भूतकाळाची लाज वाटू नये व त्या भूतकाळातूनच शहराने उभारी धरावी, असे तो प्रतिपादन करी. १९७४ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्याने लोएल वारसा राज्य उद्यानास मान्यता दिली. पुढील वर्षी काँग्रेस-सदस्य पॉल क्रोनिन याच्या प्रयत्नांनी कालवाक्षेत्राच्या अभ्यासासाठी केंद्रीय आयोग नेमण्यात आला. लोएलमध्येच जन्मलेला पॉल साँगस (१९४१–९७) हा तेव्हा प्रतिनिधिगृहाचा सदस्य व पुढे सिनेटर होता. त्याने राष्ट्रीय उद्यानाचे विधेयक मांडून ते १९७८ मध्ये संमत करून घेतले.

या कायद्यातील योजना सहकार्याच्या तत्त्वावर आधारलेली आहे. सर्व इमारती शासनाने विकत घेण्याऐवजी मोजक्याच वास्तू राष्ट्रीय उद्यानसेवेकडे देण्यात आल्या. उर्वरित वास्तू खाजगी मालकीत ठेवून त्यांच्या जतनासाठी अनुदान, कर्जे व बांधकामाचे नियम यांची तरतूद झाली. त्यासाठी नेमलेल्या जतन आयोगाचे काम १९९५ मध्ये संपले. राज्य शासन, महानगरपालिका, स्थानिक बँका व मॅसॅचूसेट्स विद्यापीठाची लोएल शाखा यांचाही या योजनेत सहभाग आहे.

उद्यानाचे दर्शन : अभ्यागतांसाठी माहितीकेंद्र मार्केट मिल्स या जुन्या गिरणीसंकुलात आहे. तेथून पायी किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नमुन्यावर बनविलेल्या ट्रॅम-गाड्यांनी निरनिराळी स्थळे पाहता येतात. उन्हाळ्यात नौकेतून कालव्यांची सहल होते. तीत जलपाशांची रचना, दोन पातळ्यांवरील पाण्याची वाटणी व फ्रान्सिसचा पूरदरवाजा यांचा प्रत्यक्ष परिचय होतो. सफोक गिरणीत टरबाइनाची शक्ती दंड, कप्पी व पट्टा यांच्याद्वारे मजल्यामजल्यावरील यंत्रांपर्यंत कशी पोहोचे, हे दाखविले आहे.

उद्यानाचा गाभा म्हणजे १९९२ मध्ये उघडलेले बूट कापडगिरणी संग्रहालय. त्याच्या तळमजल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या धर्तीचे साचेखाते उभारलेले असून त्यात ८८ यंत्रमाग आहेत. त्यांपैकी काही चालवून दाखविण्यात येतात. थोडेच माग चालू असतानाही कानठळ्या बसतात व पायांखालची जमीन थरथरते. अभ्यागतांना कानात घालण्यासाठी बोळे देण्यात येतात. शेकडो माग दिवसाचे बारा-तेरा तास चालत असता तेथे उभे राहणे म्हणजे काय असेल, हे समजून देण्यात कोणतेही लिखित वर्णन या खोलीची बरोबरी करू शकत नाही. या मागांवर निघणारे कापड संग्रहालयाच्या दुकानात विकले जाते. वरच्या मजल्यावर गिरणीउद्योगाचा उदय, कामगारांचे लढे व ऱ्हास यांची मांडणी असून काम केलेल्या स्त्रीपुरुषांच्या ध्वनिमुद्रित आठवणी ऐकावयास मिळतात.

गिरणीसमोरच बूट कंपनीचे पूर्ववत् उभारलेले निवासगृह आहे. त्यात १९८९ मध्ये मोगनच्या नावाने सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले. जेवणघर, स्वयंपाकघर व मुलींची शयनकक्षा यांतून गिरणीबाहेरच्या जीवनाची कल्पना येते. साँगसच्या नावाच्या औद्योगिक इतिहास केंद्रात शालेय विद्यार्थी स्वतः माग हाताळतात, छोटे कालवे व जलचक्रे रचतात. १९८८ मध्ये केरुअ‍ॅकचे स्मारक-उद्यान झाले. १९८७ पासून तीन वर्षे येथे राष्ट्रीय लोकोत्सव भरला व १९९० पासून लोएलचा स्वतंत्र लोकोत्सव दरवर्षी उन्हाळ्यात भरू लागला.

मूल्यमापन : शहराच्या आर्थिक पुनरुज्जीवनाचे सर्व श्रेय उद्यानास देता येत नाही. १९८० नंतरच्या तेजीत वांग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली व शहराला पुन्हा एका उद्योगावर विसंबण्याची किंमत मोजावी लागली. याउलट जतन झालेल्या गिरण्या टिकून राहिल्या. त्यांत आज घरे, कचेऱ्या व कलावंतांची कार्यस्थाने आहेत. मात्र काही नूतन निवासांची भाडी जुन्या कामगारवस्तीतील लोकांना परवडणारी नाहीत, ही तक्रारही निराधार नाही. खाजगी आश्रयावर चाललेल्या संस्था अधिक अस्थिर ठरल्या. १९९७ मध्ये लोएलला आलेले अमेरिकन वस्त्रोद्योग इतिहास संग्रहालय २०१६ मध्ये बंद झाले.

जतनातील निवड हाही विचाराचा विषय आहे. मालकांच्या दणकट इमारती टिकल्या. आयरिश मजुरांच्या झोपड्या व लिटल कॅनडा मात्र नाहीशी झाली. मळ्यांतील गुलामांचे तर येथे घरच नव्हते, जरी त्यांच्या श्रमावाचून एकही माग चालला नसता. म्हणून वास्तूंच्या जोडीला लेख, छायाचित्रे व मौखिक आठवणी यांचा आधार घेऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न उद्यानाच्या प्रदर्शनांतून होतो. १९८० च्या सुमारापासून कंबोडियातील निर्वासित मोठ्या संख्येने लोएलमध्ये स्थायिक झाले व देशातील प्रमुख कंबोडियन वसाहतींपैकी एक येथे निर्माण झाली. ‘एकर’ सारख्या जुन्या भागांत नव्या स्थलांतरितांची वस्ती होत राहणे हा शहराच्या इतिहासाचाच पुढील टप्पा होय.

औद्योगिक वारशाच्या जतनाची चळवळ इंग्लंडमधील आयर्नब्रिज घळीसारख्या स्थळी याआधीच सुरू झाली होती. अमेरिकेत लोएलनंतर पॅटर्सन (न्यू जर्सी), ब्लॅकस्टोन नदीचे खोरे, पुलमन (शिकागो) इ. औद्योगिक परिसरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. रणांगणे व राष्ट्राध्यक्षांची निवासस्थाने यांच्याप्रमाणेच, पहाटेच्या घंटेबरोबर कामावर जाणाऱ्या स्त्रीपुरुषांचे कामाचे स्थानही राष्ट्रीय स्मृतीस पात्र ठरते, हे मान्य करून घेण्यात लोएल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे खरे महत्त्व आहे.